टाचणी आणि ढ इमारत

आमच्या आत्याला सगळा रस्ता ‘टाचणी’ म्हणतो. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय आहे म्हणून हे नाव पडलं, असं ती सांगते. ज्यांच्याशी ती बोलली आहे ते वेगळं कारण सांगतात.

तिचा शिलाईचा कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे गणवेश तिथे शिवतात. मागच्या दोन खोल्यांत आत्या आणि काका राहतात. मधलं दार उघडलं की घर, लोटलं की कारखाना. मी तिथे काजं-बटणं करायला लागले तेव्हा मला कळलं, उन्हाळा वरून येतो. डोक्यावर नुसता स्लॅब. दुपारी भिंतीला पाठ टेकावी तर तव्याला टेकल्यासारखी. त्यात मशिनींच्या जुन्या मोटरी. पॅडलवरून पाय काढला तरी त्या आपल्या गरगरत, तापत राहायच्या. शिवण थांबायची, वीज जळायची थांबत नव्हती. बिल बघून काका नुसते चष्मा पुसायचे.

एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाशी उभी असलेली, आम्ही सगळ्याजणी जिला वहिनी म्हणतो ती, चक्कर येऊन खाली पडली. पडताना मनगट भाजलं. आत्याने तिला मागच्या खोलीत झोपवलं, हातावर पाणी धरलं आणि ओल्या हातांनीच मालकाचं दार वाजवलं. मालक पहिल्या मजल्यावर राहतात. स्लॅबचं ऊन त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

“छतावर काहीतरी घाला,” आत्या म्हणाली. “आज माझं माणूस पडलं.”

“पंखे वाढवा की. बिल तुम्हीच भरता, मी कुठे अडवतोय?”

वर येऊन आत्या म्हणाली, “सगळं दुखणं या एका वाक्यात आहे बघ. छत त्यांचं, बिल आपलं. मग छत नीट करायला त्यांना काय कुत्रं चावलंय?”

पुढे काही दिवसांनी नवा नियम आला. भाड्याने दिलेली प्रत्येक इमारत तपासायची, ती वीज किती वाया घालवते ते बघून श्रेणी द्यायची, आणि श्रेणीची पाटी मुख्य दारावर लावायची. शेवटच्या श्रेणीतली इमारत मालकाने सुधारायची. खर्चाला सरकारही हातभार लावणार, पण सुधारणा होईपर्यंत भाडं वाढवायचं नाही. लहान धंद्यांना जुनी यंत्रं बदलायलाही मदत होती.

आत्याने आधी आपल्या मोटरी बदलल्या. “आपलं अंगण झाडल्याशिवाय दुसऱ्याच्या कचऱ्यावर बोलू नये,” ती म्हणाली. नव्या मोटरी पॅडल दाबलं तरच फिरतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे पाय एकदम थांबले आणि खोलीत अशी शांतता झाली की आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं आम्ही ओरडूनच बोलत होतो. बाह्या जोडणारी मावशी सवयीने किंचाळली, “आमच्या सासूबाई राहायला आल्यात, जाता जात नाहीत!” आणि ते सगळ्या जिन्याने ऐकलं.

मग तपासणीवाल्या बाई आल्या. त्यांच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. पडद्यावर आमचं छत निखाऱ्यासारखं दिसलं. खिडक्यांच्या चौकटींतल्या फटीही उजळून निघाल्या. आमच्या इमारतीला शेवटची श्रेणी मिळाली.

“शेवटची म्हणजे काय?” काकांनी विचारलं.

“म्हणजे ढ,” आत्या म्हणाली.

पाटी दारावर लागली आणि दुसऱ्या दिवशी गायब झाली. आत्याला ती जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली सापडली. तिने पुन्हा लावली. पुन्हा गेली. या वेळी ती मालकांच्या घरातच गेली असणार, कारण जिन्याखाली नव्हती.

“पाटी लावून भिंत गार होते का हो?” मालकांनी तिला जिन्यातच विचारलं.

“भिंत होत नाही. मालकाला घाम फुटतो, तेवढं पुरे.”

“फार होतंय तुमचं. जागा खाली करा.”

त्या संध्याकाळी काका म्हणाले, “जाऊ दे ना. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“पाणी असतं तर राहिले असते,” आत्या म्हणाली. “आपण तर भट्टीत राहतोय.”

तिने दवाखान्याच्या चादरींतलं उरलेलं कापड काढलं. लाल पट्ट्यांची अक्षरं कापली, दुहेरी शिलाईने त्यावर बसवली आणि कापड गॅलरीतून खाली सोडलं. माणसाएवढी अक्षरं: ‘ही इमारत ढ आहे.’ खाली लहान अक्षरांत: ‘खरी पाटी मालकांकडे मिळेल.’

रस्ता थांबून वाचायला लागला. मालकांनी माणूस पाठवून दोऱ्या कापल्या. आत्याने वर सळई घातली आणि कापड पुन्हा लटकवलं. तेवढ्यात तळमजल्यावरचा औषधवाला तणतणत वर आला.

“टाचणीताई, गिऱ्हाइकं माझ्या दुकानाला ढ म्हणून हसतायत!”

“तुझा फ्रिज दिवसभर धापा टाकतो, तो कुणामुळे?”

“पश्चिमेची भिंत तापते म्हणून.”

“मग माझ्यावर कशाला ओरडतोस? भिंतीच्या मालकावर ओरड.”

औषधवाला खरंच खाली उतरून मालकांचं दार वाजवायला लागला. त्याचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला. नव्या मोटरींचा हा एक फायदा कुणी सांगितला नव्हता.

मालकांनी शेवटी तपासणीच्या कार्यालयात तक्रार केली, की भाडेकरू बदनामी करते. अधिकारी स्वतः आले. कापड वाचलं, हसू दाबलं आणि मालकांना पहिला प्रश्न विचारला, “आम्ही दिलेली पाटी कुठाय?” मालकांना ती पलंगाखालून काढून आणावी लागली. सगळ्यांसमोर त्यांनी ती स्वतःच्या हाताने दारावर ठोकली. पाटी लपवल्याबद्दल दंड झाला तो वेगळाच.

छताचं काम लांबलं. मालकांनी कारागीर बदलले, सबबी बदलल्या. दोन हॉटेलांनी या भांडणात आपले गणवेश अडकतील या भीतीने आमच्याकडची कामं काढून घेतली, ती परत आलीच नाहीत. पण अखेर स्लॅबवर उष्णता अडवणारा थर बसला, वर पांढरा लेप आला, औषधवाल्याच्या भिंतीलाही बाहेरून आवरण मिळालं. आधी ऊन चढलं की दुपारी मशिनी बंद ठेवून रात्री काम उरकावं लागायचं, पुढच्या उन्हाळ्यात ती वेळ आली नाही. काम उजेडातच संपायचं आणि बायका वेळेवर घरी जायच्या. पुढचं बिल आलं तेव्हा काकांनी चष्मा पुसला नाही, शेजाऱ्याला दाखवायला नेला तो कागद.

मालक मग वर आले. प्रथमच. खोलीत थोडे रेंगाळले, गारव्यात जरा सैलावले.

“खर्च बराच झाला,” ते म्हणाले. “आता भाडं थोडं वाढवावं लागेल.”

“खिडक्यांच्या फटी तशाच आहेत,” आत्याने कापडावरची नजर न हलवता सांगितलं. “नियमात खिडक्याही येतात.”

“अहो, पण छत केलं ना!”

“त्या छताचा घाम इतकी वर्षं आम्ही गाळला. वाढीव भाडं आम्ही आगाऊच भरलंय. खिडक्या करा, मग बोलू.”

मालक गेले. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप औषधवाल्यामार्फत जातात. काल सुतार चौकटी मोजून गेला. आत्या त्याच्या मागे मागे फिरत होती, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे त्याला तिच्या निम्म्याच सूचना कळत होत्या.