गुलाब बोबडेची जीप

माझी पोस्टिंग पहाडात झाली तेव्हा मी नायक होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. युनिटच्या गाड्या दुरुस्त ठेवणं एवढंच माझं काम. त्या गाड्यांनी खालच्या कॅम्पमधून वरच्या पोस्टवर रेशन, टपाल आणि माणसं न्यायची, आजारी माणूस असला तर खाली आणायचा. रस्ता एकच होता आणि तो पूर्ण चढाचा. पावसाळ्यात तो महिन्यातून निम्मे दिवस बंद असे.

त्या युनिटमध्ये आमच्या सौसर तालुक्याचा दुसरा माणूस एकच होता. लान्स नायक गुलाबराव बोबडे, रामाकोन्याचा, ड्रायव्हर. बाकी सगळीकडे हिंदी चालायची. आम्ही दोघं भेटलो की आपली बोली सुरू व्हायची. संत्र्याला बहार कसा आहे, जामसांवलीला दर्शनाला कोण जाऊन आलं, कोणाच्या घरी लग्न निघालं, हेच विषय. घरून आलेला फराळ तो आधी माझ्याकडे घेऊन यायचा. मी त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. तो मला भाऊ म्हणायचा.

गुलाबकडे पेट्रोलवर चालणारी जुनी जीप होती. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये वेळेवर ठिणगी पडावी लागते. ती चुकली की पेट्रोल जळत नाही, गाडी झटका देते आणि ताकद जाते. याला आम्ही मिसिंग म्हणतो. कायमचं मिसिंग पकडणं सोपं असतं. मधूनच येणारं पकडणं कठीण, कारण गाडी मेकॅनिकसमोर उभी राहते तेव्हा तिला काहीच झालेलं नसतं. यासाठी नियम आहे. ज्याने तक्रार केली त्याच ड्रायव्हरला सोबत घ्यायचं, त्याच रस्त्यावर जायचं, तेवढंच वजन भरायचं आणि खोट दिसेपर्यंत गाडी चालवायची. मला हा नियम पाठ होता. पुढे मी तो रिक्रूटांना शिकवलासुद्धा.

गुलाबने पहिल्यांदा सांगितलं ते चहाच्या वेळी.

"भाऊ, गाडी मिस मारून राहिली."

"केव्हा?"

"गरम झाली की. वरच्या मोडावर, वळण घेताना."

मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. शिलाई मशीनसारखा आवाज येत होता.

"आता तं मारत नाही."

"आता थंडी आहे ना ते."

"तुह्या कानात मिसिंग आहे बे."

"माह्या कानात असतं तं मी बँडवाल्याईत भरती झालो असतो," तो म्हणाला आणि चहा संपवून गेला.

मी ठिणगीचे प्लग साफ केले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. गाड्या उभ्या राहतात त्या एम.टी. पार्कच्या सपाट मैदानात दोन चकरा मारल्या. गाडी चांगली होती. चार दिवसांनी तो परत आला. तीच तक्रार. मी परत तेच केलं.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "हवालदार मेजरले लेखी देऊ का मंग?"

मी नको म्हटलं. त्याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे ड्रायव्हरने लेखी तक्रार दिली आणि खोट सापडली नाही, की तो वर जायचं टाळतो असं समजत. त्याला एक्स्ट्रा ड्यूटी मिळायची, बाकीचे टोमणे मारायचे. गुलाबला तो त्रास होऊ नये असं मला वाटलं.

"लिहू नको. ते लोक तुलेच धरतीन. आपल्या घरचं काम आहे, मी पाहतो ना."

"वर येता का सोबत? एकदा मोडावर बसून पाहा."

"रविवारी जाऊ."

रविवारी व्हॉलीबॉलची मॅच होती. मी खेळलो. गुलाब मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला कॉनव्हॉय निघाला. तीन गाड्या. पुढे सुभेदार साहेबांचा ट्रक, मध्ये गुलाबची जीप, मागे बंद पडलेल्या गाड्या ओढणारी आमची रिकव्हरीची गाडी, तिच्यात मी. रेडिओ सेट पुढच्या आणि मागच्या गाडीत होते. जीपमध्ये नव्हता. जीपच्या मागच्या सीटवर दोन जवान आणि टपालाच्या थैल्या होत्या. निघण्याआधी साहेबांनी मला विचारलं, "तीनों फिट?"

"फिट है साहब."

पहिला तासभर काही झालं नाही. मग चढ वाढला. मी पुढे पाहत होतो. जीपने एक झटका दिला. मग दुसरा. सायलेन्सरमधून काळा धूर आला, बार उडाल्यासारखा आवाज झाला. गुलाबने सांगितलं होतं तसंच. तो म्हणाला होता त्याच मोडाच्या खाली. मला त्या क्षणी सगळं कळलं.

रेडिओवर साहेबांचा आवाज आला.

"नंबर दो पीछे छूट रही है. क्या बात है? ओवर."

माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "ड्राइवर गियर ठीक से नहीं डाल रहा. ओवर."

हे वाक्य माझं आहे. मला कोणी म्हणायला लावलं नव्हतं. सकाळी फिट म्हणालो होतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"उसको बोलो ध्यान से चलाए. रुकना नहीं है. ओवर."

"रॉजर."

मी आमच्या ड्रायव्हरला हॉर्न दाबायला लावला. चलते रहो असा हात केला. गुलाबने आरशात पाहिलं असावं. जीप पुढे सरकली. मोडावर तिचं इंजिन बंद पडलं.

जीप मागे सरकू लागली. रस्त्यावर ओली खडी होती. ब्रेक लागले होते, चाकं थांबलेली मला दिसत होती, तरी गाडी घसरत होती. गुलाबचा आवाज आला, "कूदो!" मागचे दोघे उडी मारून रस्त्यावर पडले. त्याने स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं. चढावर गाडी मागे आली तर मागचं चाक डोंगराकडच्या नालीत घालायचं, हेच शिकवलेलं असतं. त्याने बरोबर तेच केलं. चाक नालीत जायच्या ऐवजी दगडावर चढलं. जीप आडवी झाली आणि दुसऱ्या बाजूने दरीत गेली.

आम्ही दोर लावून उतरलो. तो जिवंत नव्हता.

एकाच तालुक्यातला म्हणून त्याच्यासोबत घरापर्यंत मला पाठवलं. रामाकोन्यात सगळं गाव जमलं होतं. त्याच्या वडिलांनी विचारलं, "कसं झालं बा?" मी म्हणालो, "घाटात गाडी गेली." त्याची बायको सुमन दाराआड होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

परत गेल्यावर अपघाताच्या चौकशीसाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. साक्षीच्या आदल्या दिवशी मी दरीतून वर आणलेल्या जीपची इग्निशन कॉइल काढली आणि दुसऱ्या गाडीला लावली. ठिणगीला करंट हीच कॉइल देते. इंजिन चालू करून बसलो. बराच वेळ काही झालं नाही. कॉइलला हात लावता येणार नाही इतकी गरम झाली आणि इंजिन अडखळू लागलं. थंड होऊ दिली, परत बरोबर चालली. गुलाबची तक्रार शब्दन् शब्द खरी होती. मी कॉइल काढली आणि भंगाराच्या पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी चौकशी घेणाऱ्या मेजर साहेबांनी विचारलं, "ड्राइवर ने कोई खराबी रिपोर्ट की थी?"

"नहीं साहब."

"गाड़ी फिट थी?"

"फिट थी साहब."

ड्रायव्हरची चूक, असं ठरलं. ते गावात पोचलं आणि गावात त्याचं वाढत गेलं. आधी म्हणाले चूक, मग म्हणाले झोपला होता, मग कोणी म्हणालं घेऊन बसला होता. गुलाब दारू पीत नव्हता. शाळेत झेंडावंदनाला फौजेत गेलेल्यांच्या आठवणी निघत, त्याचं नाव कोणी घेत नसे. मी हवालदार झालो, पेन्शनवर आलो, सौसरला घर बांधलं. गाड्यांची नड असली की लोक मला विचारायला येतात. रामाकोना काही लांब नाही. मी तिकडची लग्नाची बोलावणी टाळत गेलो. याला आता चाळीस वर्षं होत आली.

गेल्या हिवाळ्यात गुलाबचा धाकटा भाऊ श्रावण माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्यानेही साठी ओलांडली आहे. सेकंडहँड कार घेतली होती.

"फौजीभाऊ, पांढुर्ण्याच्या गॅरेजवाल्यानं काम्पुटर लावून पाह्यलं. प्लग बदलले, पंप बदलला. तो म्हणते गाडीत काहीच नाही. अन् घाटात गेलो का झटके मारून राहिली."

"गरम झाल्यावर?"

"हो. तुम्हाले कसं समजलं?"

मी म्हटलं, चल. आम्ही सिल्लेवानीच्या घाटात गेलो. मी त्याच्या शेजारी बसलो, मागच्या सीटवर त्याच्याच बगीच्यातली संत्र्याची क्रेटं होती. अर्धा घाट चढल्यावर झटका आला. बंद करू नको, म्हटलं. गाडी बाजूला लावून इंजिन चालूच ठेवलं. आताच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते. मी एकेका कॉइलची तार काढून परत लावत गेलो. पहिलीची काढली, इंजिन आणखी थरथरलं. दुसरीची काढली, तसंच. तिसरीची काढली तर काही फरक पडला नाही. म्हणजे ती काम करतच नव्हती. ती कॉइल पहिलीच्या जागी बसवली, तर खोट पहिल्या सिलिंडरवर गेली.

"एवढंच?" श्रावण म्हणाला. "तो पोट्टा दीड महिना झुलवत होता मले."

"त्याचं चुकलं नाही. थंड गाडीत हे दिसत नाही. सोबत यावं लागते."

"माहा दादाही सुट्टीवर आला का गाड्याईचंच सांगे, का गाडी गरम झाली का..." तो थांबला. "जाऊ द्या. झोपला होता म्हणतात तो."

मी बॉनेट लावलं. "झोपला नव्हता," मी म्हणालो, आणि तिथेच उभं राहून त्याला सगळं सांगितलं. रविवारची मॅच, रेडिओ, कॉइल, साक्ष. मध्ये काही गाळलं नाही. ट्रक जात होते, म्हणून काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या.

श्रावण रस्त्याकडे वळला. मग म्हणाला, "माहा बाप मरेपर्यंत मान खाली घालून चालला, फौजीभाऊ."

मी हातांचं ऑइल पुसत होतो.

"वहिनीले सांगा. मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

तो मला तसाच रामाकोन्याला घेऊन गेला. सुमनवहिनी ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. मी खुर्ची घेतली नाही, खाली बसलो आणि परत पहिल्यापासून सांगितलं. त्या खडे काढत होत्या. मी मोडापर्यंत आलो तेव्हा त्यांचा हात थांबला.

"ओरडला होता का तो?"

"हो. कूदो म्हणाला. मागचे दोघं वाचले."

"अन् तो काहून नाही कुदला?"

"गाडी आवरत होता."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. तो दिवसाही कधी आडवा पडत नव्हता, तो काय गाडीत झोपन. लोकाईत सांगजा. तुम्ही फौजी आहा, तुमचं ऐकतीन."

त्यांनी मला चहा दिला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांची परवानगी घेऊन मी रामाकोन्याच्या शाळेत उभा राहिलो आणि सांगितलं. माझं नाव, माझी रँक आणि मी काय केलं ते. टाळ्या झाल्या नाहीत. एक म्हातारा उठून गेला. तो गुलाबच्या वर्गातला होता, असं मागून कळलं. वहिनी बायकांमध्ये मागे बसल्या होत्या, शेवटपर्यंत होत्या. तिथे नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

लान्स नायक गुलाबराव बोबडे, राहणार रामाकोना, ड्रायव्हर. ड्यूटीवर असताना गेला. तो जागा होता, शुद्धीत होता, आणि त्याने जे करायला हवं ते केलं. गाडीत खोट आहे हे त्याने मला तीनदा सांगितलं होतं.