मोहाखालचा पाला

माझी भाची जळगावात राहून जंगलाचं संगीत करते. त्यात ना ताल, ना चाल. पाखरं, ओढा, वारा आणि मधूनच एखादा लांबलचक सूर. पहिल्यांदा ऐकताना मी विचारलं, "सुरू कधी होणार?" ती म्हणाली, "मामा, संपलं." तरी तिची आवाज टिपायची यंत्रं वाहायला सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो मीच. कुतूहल हा माझा जुना आजार.

त्या पाड्यावर मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. राखेवर फुलं चटकन दिसतात, पण आग टेकडीवर चढते. ज्यांच्याकडे उतरलो त्या अक्कांनी जाळणं सोडलं होतं. शेजारच्या आबांनी काडी ओढली, तर टेकडीवरची कोवळी रोपं यंदाही जाणार, हा अक्कांना घोर. आबा ऐकेनात. म्हणून भाचीचा बेत असा, की पहाटे वाळल्या पाल्यावर पडणाऱ्या फुलांचा आवाज पकडायचा आणि त्याचं संगीत आबांनाच ऐकवायचं.

पहाटे पोचलो, तर अक्कांच्या मोहाखालची जमीन अंगणासारखी लख्ख! फुलं पडत होती, पण आवाज नाही. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाला मीच खाल्ला.

"अक्का, पाला कुठंय?"

"पाव्हना येतस आनि कचरा ऱ्हावू देऊ का?" अक्का ऐटीत म्हणाल्या. "काल बठ्ठा झाडी टाका!"

मग अक्कांनी झाडून बाजूला लावलेला तो सगळा ढीग आम्ही तिघं टोपल्यांनी परत आणून पसरू लागलो. मी तर अक्षता टाकाव्यात तसा टाकत होतो. कुंपणापलीकडून आबा ओरडले, "भाऊ, थोडा पाला वर झाडलेबी चिकटाडी द्या!"

आणि मग आवाज आला. टप्प. जरा थांबून पुन्हा, टप्प.

संध्याकाळी आबांच्या ओट्यावर भाचीने ते वाजवलं. आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"मन्हा झाडना आवाज यान्हापेक्षा भारी शे," ते एकदम म्हणाले.

भाचीने संधी साधली. "मग उद्या तुमचं झाड. पण पाला जाळायचा नाही."

आबांनी माझ्या पोटाकडे निरखून पाहिलं. "नही जाळत. पन फुलं येचाले हाऊ भाऊ येवाले पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या झाडाखाली उकिडवा. पाल्यातून एकेक फूल हुडकायचं म्हणजे काय, ते कंबरेला कळलं. आबा खाटेवरून बोट दाखवत होते, "ते तिकडलं ऱ्हायनं!" अक्का कुंपणाशी उभ्या राहून माझी अर्धी टोपली बघत होत्या. ती भरली नाही, तर आबांचा हात काडेपेटीकडे जाणार.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "लवकर येचा ना!"