तिसऱ्यांदा पाहणाऱ्या बाई

“अजून एकदां पाहूं,” असं म्हणून बाई खुर्ची पुढे ओढायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि स्क्रीनच्या इतक्या जवळ जायच्या की त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांतले खडे निळसर चमकायचे. कोणताही स्कॅन त्या तीनदा पाहत. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि तिसऱ्यांदा कडेकडेने. हे तिसऱ्यांदा पाहणं चेन्नईच्या वेलचेरी भागात आमच्या स्कॅन सेंटरच्या आसपास प्रसिद्ध होतं. रिक्षावालेसुद्धा पेशंटला सांगायचे, “तिथे जा, तिथली डॉक्टरम्मा तीनदा बघते.”

सगळे त्यांना डॉक्टरम्मा म्हणायचे. मी एकटी ‘बाई’ म्हणायचे, कारण तिथे मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी सांगलीहून लग्न होऊन चेन्नईत आलेली. नवरा, सुहास, ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात. बाईंचं घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्यांपासून तिकडचं. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. शब्द जुने, हेल तमिळ. “अगो, हें काय लिहिलेंस? सरी, पुढें चल,” असं त्या म्हणायच्या. ‘सरी’ म्हणजे तमिळमधलं ‘बरं’. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला डबा दिला. “पिटलें आहे, खा.” मी बेसनाच्या आशेनं झाकण उघडलं, तर आत चिंच घातलेली कारल्याची आंबट डाळ. माझा चेहरा पाहून त्या एवढ्या हसल्या की बाहेरून टेक्निशियन पाहायला आला.

माझं काम टायपिंगचं. त्या स्कॅन पाहत पाहत बोलायच्या आणि मी रिपोर्ट टाईप करायचे. तुम्ही कधी छातीचा सीटी स्कॅन पाहिला असेल तर कल्पना येईल. ब्रेडच्या लादीसारखे माणसाचे बारीक काप, शेकडो, एकामागून एक सरकत जातात. बाई शिकल्या तेव्हा एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरून वाचत. “तेव्हां एका माणसाचें एक चित्र. आतां एका माणसाचीं सातशें,” असं त्या सांगायच्या, आणि त्या तक्रारीत मला नेहमी थोडा अभिमान ऐकू यायचा. एवढी सातशे चित्रं त्या तीनदा पाहत होत्या.

मग आमच्या मालकांनी तो नवा प्रोग्रॅम आणला. स्कॅन आला की बाईंच्या आधी तोच पाहायचा आणि जिथे शंका वाटेल तिथे लाल गोल काढायचा. मालकांनी पेढे वाटले. बाईंनी पेढा खाल्ला आणि प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ‘जावई’. तेव्हापासून रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की त्या विचारायच्या, “काय गो, जावई उठला का? काय म्हणतात जावईबुवा आज?”

एकदा जावयानं एका शिक्षिकेच्या एक्स-रेवर, उजव्या खांद्याखाली, मोठा लाल गोल काढला. टेक्निशियन घाबरला. बाई उठून बाहेर गेल्या. शिक्षिका बसली होती, जाडजूड वेणी पुढे छातीवर घेतलेली, वर मोगऱ्याचा गजरा. बाईंनी स्वतःच्या हातानं ती वेणी गुंडाळून वर बांधली आणि पुन्हा एक्स-रे काढायला लावला. गोल गायब. “जावयानें कधी वेणी पाहिली नाही वाटतें,” बाई म्हणाल्या. हा किस्सा मी आमच्या बिल्डिंगमध्ये किती जणांना सांगितला असेल! कुणाला काही झालं की मी हक्कानं सांगायचे, आमच्याकडेच या, मशीन कुठेही मिळेल, बाई मिळणार नाहीत. माझ्या शब्दावर माणसं आली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यांत जास्त हेच लागलं.

सुहासला खोकला सुरू झाला तेव्हा बाईच मागे लागल्या. “महिना झाला म्हणतेस आणि घरांत ठेवलास? घेऊन ये त्याला.” त्याचा स्कॅन झाला. जावयानं एकही गोल काढला नाही. बाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. दोनदा झालं, मग म्हणाल्या, “अजून एकदां.” मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. माझ्या नवऱ्यासाठी त्या एवढा वेळ देताहेत म्हणून माझे डोळे भरून आले होते. मग त्या म्हणाल्या, “लिही. दोन्ही फुप्फुसें स्वच्छ. गांठ नाही.” मी ते माझ्या हातानं टाईप केलं. घरी जाताना आम्ही मिठाई घेतली.

आठ महिन्यांनी सुहासच्या खोकल्यातून रक्त पडलं.

मोठ्या हॉस्पिटलात नवा स्कॅन काढला. तिथल्या तरुण डॉक्टरनं जुना मागितला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. डावीकडच्या फुप्फुसात, हृदयाच्या मागे, आता लिंबाएवढी गाठ होती. मग त्यानं जुना स्कॅन सरकवला, थांबला, आणि पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवलं. “ही तेव्हाही होती. वाटाण्याएवढी. बाजूला रक्तवाहिनी आहे, प्रोग्रॅमला अशी जागा कधीकधी सापडत नाही. पण नीट पाहणाऱ्याला दिसायला हवी होती.” त्यानं जुन्या रिपोर्टखालची सही कुणाची आहे ते वाचलं, आणि पेन खिशात ठेवलं. बाईंचं नाव त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेंटरवर गेले. बाई जेवून बसल्या होत्या. मी सुहासचा जुना स्कॅन लावला आणि तो काप समोर आणून थांबवला.

“हा कोणाचा?”

“तुम्ही बघा.”

त्या पुढे झाल्या. चष्मा कपाळावर. वरून खाली, खालून वर. “अजून एकदां,” असं पुटपुटल्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी स्क्रीन सोडून त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. त्या गाठीच्या शेजारी पाहत होत्या, वर पाहत होत्या, मान वाकडी करून खाली पाहत होत्या. गाठीवर त्यांची नजर येत होती आणि घसरून जात होती.

मी गाठीवर बोट ठेवलं. “इथे.”

“इथें?”

“बाई, तुम्हाला दिसत नाही?”

बाहेर टोकन नंबर पुकारत होते. बाईंनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा घातला.

“मधोमध धूर आहे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही डोळ्यांत. कडेचें दिसतें. तूं माझ्यासमोर आहेस तर मला तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. दीड वर्ष झालें.”

दीड वर्ष! खुणा किती होत्या, आणि रोज शेजारी बसून मी त्या सगळ्या उलट्या वाचल्या होत्या. बोलताना त्या माझ्या कानाकडे पाहायच्या, मला वाटायचं विचारात आहेत. पेशंटचं नाव मला वाचायला लावायच्या, मला वाटायचं माझ्यावर विश्वास आहे. आणि ते तिसऱ्यांदा पाहणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं, त्याला तर आम्ही सगळे कौतुकानं नावाजत होतो.

“मग रिपोर्ट कसे सांगत होता?”

“लाल गोल तेवढा कळायचा. गोल असेल तिथें मान वांकडी करून पाहायची. नसेल तर…”

“नसेल तर स्वच्छ म्हणायचं?”

“हो.”

“म्हणजे इतके दिवस तुम्ही जावयाचंच ऐकत होता. आणि आमच्यासमोर त्याची टिंगल करत होता.”

“हो,” त्या म्हणाल्या.

त्यांनी एखादी सबब सांगितली असती तर मला भांडता आलं असतं. मी ओरडले, रडले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांना विचारलं, “सुहासच्या वेळी तरी? माझ्या नवऱ्याच्या वेळी तरी दुसऱ्या कुणाला दाखवायचं ना!” त्यावर त्या म्हणाल्या, “दुसऱ्याला दाखवलें असतें तर कां, म्हणून विचारलें असतें. रोज उद्यां सांगूं म्हणत होतें गो. चाळीस वर्षें पाहण्याशिवाय दुसरें कांहीं केलें नाही. घरीं बसून काय करूं?”

घरी त्या एकट्याच होत्या, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मला त्यांची दया आली नाही.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. “बैस. लिही.”

आणि नेहमीच्या त्याच आवाजात, स्वल्पविरामासकट, त्यांनी मला पत्र सांगितलं. माझी दृष्टी अमुक काळापासून गेली आहे. ही गोष्ट मी लपवली. त्या काळात माझ्या सहीनं गेलेले सगळे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा वाचून घ्यावेत. मी शब्द न शब्द टाईप केला. पत्र मालकांच्या नावानं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ते वाचलं, दार लावलं आणि मला म्हणाले, “तुम्ही समजूतदार आहात. बाईंना आपण सन्मानानं निवृत्त करू. ही फाईल मात्र काढून टाका. एवढ्या लोकांना घाबरवून काय साधणार?” त्यांचा आवाज अगदी मऊ होता. मी काही म्हणायच्या आत बाई दार ढकलून आत आल्या. “पत्र आमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना गेलें आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळींच टेक्निशियनकडून पाठवलें. पत्ते मला पाठ आहेत.” मालकांचा चेहरा उतरला. त्यानंतर रिपोर्ट पुन्हा वाचून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

दोन बाहेरचे डॉक्टर आले आणि महिनाभर वाचत राहिले. सुहास सोडून आणखी तिघे सापडले. दोघांवर वेळेत इलाज झाला. तिसरी अंबत्तूरची एक पेशंट. तिच्या घरी फोन मीच लावून दिला, कारण बाईंना नंबर दिसत नव्हता. बोलल्या त्या स्वतः. स्वतःचं नाव सांगितलं, काय झालं ते तमिळमध्ये सरळ सांगितलं. पलीकडे त्या पेशंटचा मुलगा होता. तो म्हणाला, अम्मा चार महिन्यांपूर्वी गेली. आणि फोन ठेवला. बाई बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. मी तो त्यांच्या हातातून घेतला नाही.

त्यानंतर आठवड्याभरात त्या तंजावरला धाकट्या बहिणीकडे निघून गेल्या. त्यांची प्रॅक्टिस संपली, नावही संपलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. सेंटरमधल्या बायका स्टेशनवर पोचवायला गेल्या. मी गेले नाही. सुहासच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला होता आणि मी हॉस्पिटलात होते, हे खरं. पण नसते तरी गेले नसते.

सुहास वाचला. वेलचेरी स्टेशनचा जिना चढताना मध्ये एकदा थांबतो, एवढंच. गाठ त्याची, फुप्फुस त्याचं, तरी बाईंना माफ त्यानंच आधी करून टाकलं. “त्यांनी लपवलं,” तो म्हणतो, “पण सापडल्यावर एक अक्षर लपवलं नाही. आमच्या कारखान्यात असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही.” मला ते जमलं नाही. माझ्या सांगण्यावरून बिल्डिंगमधल्या ज्यांनी स्कॅन काढले होते, त्या सगळ्यांच्या दारी जाऊन मी पुन्हा वाचून घ्यायला सांगितलं होतं. एका काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दार लावलं. ते दार अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं.

दर सहा महिन्यांनी सुहासचा स्कॅन असायचा. ज्या दिवशी रिपोर्ट मिळायचा त्या संध्याकाळी तंजावरहून फोन यायचा, माझ्या फोनवर. तारीख त्यांना सुहास कळवत असे.

“काय आलें?”

“ठीक आहे.”

“सरी,” त्या म्हणायच्या. आणि मी फोन ठेवायचे. चार वर्षं असंच चाललं. एवढ्या संभाषणाला संभाषण म्हणता येईल का, तुम्हीच ठरवा.

या खेपेला रिपोर्ट आला आणि संध्याकाळी फोन आला नाही. सात वाजले, आठ वाजले. मी भाजी चिरत होते आणि माझ्या लक्षात आलं की मला राग येतोय. आता हेही विसरल्या! शेवटी मीच फोन लावला. आवाज वेगळा होता, हेल तोच.

“अक्का मागच्या महिन्यांत गेली,” बहीण म्हणाली. “झोंपेंत. तुम्ही त्या टायपिंगवाल्या ना? तिनें मला तारीख सांगून ठेवली होती, त्या दिवशीं फोन करून विचार म्हणून. मीच विसरलें, माफ करा.” मग धडा म्हटल्यासारखं तिनं विचारलं, “काय आलें?”

मी सुरी खाली ठेवली. आणि सांगायला लागले. रिपोर्ट समोर घेऊन, पहिल्या ओळीपासून. उजवं फुप्फुस कसं आहे, डावीकडे शस्त्रक्रियेची जागा कशी भरली आहे, नवीन काही कुठेच नाही, या वर्षीपासून स्कॅन वर्षातून एकदाच करायला सांगितलाय, सुहास आता जिना चढताना कमी थांबतो. त्या माउलीला यातलं काही समजत नसावं. ती मधून मधून “हं, हं” म्हणत होती, आणि मी सांगत होते.