सासऱ्यांच्या टाकीचं पित्त

माझ्या सासऱ्यांइतका कचऱ्यावर जीव लावणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नसेल. लोक घरी आलेल्या पाहुण्याच्या हातातली पिशवी बघतात. आमचे सासरे तो पाहुणा जाताना मागे काय टाकून गेला ते बघतात. मला जावई करून घेतलं तेही याच तत्त्वावर, असा माझा दाट संशय आहे. माझ्या स्थळाला आधी तीन घरांनी नकार दिला होता. मध्यस्थानं ते लपवलं होतं, पण बैठकीत कुणीतरी बोलून गेलं. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो, आणि हे गृहस्थ मात्र खुलले. "तिघांनी टाकलाय म्हंजे मुलगा चांगला आसंल," म्हणाले, "लोकांना टाकायची लय घाई." हा अपमान होता की कौतुक, हे माझ्या आईला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्न दहिवलीच्या एका हॉलमध्ये झालं. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचे वडील एकाच फोटोत आहेत, तोही फोटोग्राफरच्या चुकीनं. अक्षता पडल्याबरोबर ते गायब झाले, ते सापडले हॉलच्या मागच्या बाजूला, दोन निळ्या पिंपांच्या मधोमध उभे. एका पिंपात उरलेलं अन्न, दुसऱ्यात द्रोण-पत्रावळी. माझे ऑफिसातले साहेब, ज्यांच्यापुढे आम्ही खोकतसुद्धा नाही, ते पत्रावळ घेऊन आले तर ह्यांनी त्यांचा हात धरला. "साहेब, आर्धी जिलबी ऱ्हायली. जिलबी हिकडं, पत्रावळ तिकडं." साहेबांनी घाबरून ती अर्धी जिलबी तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. कन्यादानाला सासऱ्यांना अक्षरशः ओढून आणावं लागलं, आणि त्या संपूर्ण पवित्र विधीत त्यांच्या हाताला मठ्ठ्याचा वास येत होता.

आम्ही शेलूला फ्लॅट घेतला तेव्हा ते पहिल्यांदा घर बघायला आले. मी हौसेनं हॉल दाखवला, बाल्कनी दाखवली, तिथून दिसणारा डोंगर दाखवला. ते "बरा हाय" म्हणत थेट स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालची बादली बाहेर काढून तिच्यासमोर उकिडवे बसले. "गं बाय, दुधीची सालं टाकलीस? आणि ह्यो चहाचा चोथा?" माझी बायको माहेरची ती हाक ऐकून एरवी पाघळते, पण त्या दिवशी अपराध्यासारखी उभी राहिली. जाताना त्यांनी आमचा आठवड्याचा कचरा स्कूटरला लटकवून नेला. सोसायटीत आठ दिवस चर्चा होती की आमचा सासरा घरातून काहीतरी भरून घेऊन गेला.

त्यांचं गाव कळंबच्या पलीकडे. थोडी भातशेती, दोन म्हशी, एक गाय, आणि घरभर प्रयोग. भात झोडल्यावर लोक बांधावरचा गवतकचरा पेटवून देत, तर हे आगीच्या पुढे धावत जाऊन तो उचलून आणायचे. एका वर्षी ओला पेंढा पिशव्यांत भरून त्यांनी अळिंबी लावली, आणि काळोखी, दमट जागा हवी म्हणून त्या पिशव्या सासूबाईंच्या पलंगाखाली सरकवल्या. सासूबाईंना आठवडाभर वाटत होतं की घरात काहीतरी मेलंय. पिशव्या सापडल्या तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता माज्यावर काय उगवायचं ठेवलंय तुमी?"

मग गावाजवळ ते रिसॉर्ट झालं. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं यायची, चाळीस पदार्थ मांडले जायचे, आणि सोमवारी उरलंसुरलं सगळं मागच्या ओढ्याकाठच्या खड्ड्यात. भात, पनीर, केक, त्यात प्लास्टिकचे चमचे नि पिशव्या. वास गावभर. पावसाळा संपता संपता सासऱ्यांची गाय त्या खड्ड्यावर चरून आली आणि फुगली. गुरांच्या डॉक्टरांनी पोट फाडून हातभर प्लास्टिक काढलं, पण गाय काही वाचली नाही. गाव भडकलं. रिसॉर्टच्या गेटला टाळं लावायचं ठरलं. पण गावातल्या पंधरा-वीस बायका तिथेच कामाला होत्या, त्यामुळे निम्म्या घरांत नवरा टाळं घेऊन निघालेला आणि बायको किल्ली मागतेय, अशी परिस्थिती.

बैठकीत सगळ्यांचं ओरडून झाल्यावर सासरे उठले. त्यांचीच गाय गेलेली, त्यामुळे सगळे ऐकायला वळले. रिसॉर्टच्या टायवाल्या मॅनेजरकडे बघत ते म्हणाले, "खड्डा बंद करा. त्यो सगळा माल मला द्या."

"कुठला माल?" मॅनेजरला कळेना.

"जो तुमी टाकता त्यो. पण निवडून द्यायचा. चमचा सापडला तर मी तुमच्या टेबलावर आणून ठेवीन."

आणि खरोखरच ठेवला. पहिल्या महिन्यात पाहुण्यांच्या नाश्त्याच्या वेळी हे गृहस्थ लुंगीवर आत शिरायचे आणि मॅनेजरच्या टेबलावर धुतलेले चमचे ओळीनं मांडून परतायचे. महिन्याभरात रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात तीन पिंपं आली.

त्या उष्ट्यापासून गॅस करणारी टाकी सासऱ्यांच्या अंगणात बांधून झाली. उद्घाटनाला सरपंच, मॅनेजर, अर्धं गाव हजर. सासऱ्यांनी काडी ओढली. शेगडी ढिम्म. दुसरी काडी ओढली. टाकीतून फक्त आंबट वास आला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "फुकटचं जेवून ढेकर पण देत नाय!" लोक हसत पांगले. मॅनेजरनं जाताना हळूच विचारलं, "काका, मग खड्डा परत सुरू करू का?" तो प्रश्न मात्र सासऱ्यांना लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. टाकीपाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत फोन केला तर आवाजात जोर होता. "जावयबापू, कळला आजार. पित्त झालंय टाकीला. आधी शेण पचायची सवय नाय तवर एकदम पनीर, केक, लिंबू घातला आपण. तुमाला तरी सोसंल काय?" मग टाकीवर औषधोपचार सुरू झाले. चुन्याची निवळी, म्हशींचं ताजं शेण, आणि कडक उपास. मी गेलो तेव्हा ते मला अंगणातच थांबवून म्हणाले, "हळू बोला, आज कुठं जरा बरी हाय." तीन आठवड्यांनी निळी ज्योत लागली. तेव्हापासून टाकीचं पथ्य ठरलेलं आहे: मोसंबीची सालं वर्ज्य, लोणचं वर्ज्य, सोमवारी फक्त शेणपाणी. टाकीतून निघणारं पातळ खत दुधीला आणि भेंडीला जातं, आणि ती भाजी रिसॉर्टला. एखादा पाहुणा "काय चव आहे!" म्हणाला की सासऱ्यांच्या मिशा हलतात. "खा, खा," ते माझ्या कानात पुटपुटतात, "तुमीच टाकलेलं हाय."

गाव वळलं, रिसॉर्ट वळलं. वळल्या नाहीत त्या सासूबाई. "परक्याच्या उष्ट्याचा जाळ माज्या चुलीत? त्यावर देवाचा निवेद?" सासऱ्यांनी पुष्कळ समजावलं. "भात शेणावरच पिकतो ना, गं?" सासूबाईंचं उत्तर एकच, "शेण उष्टं नसतं." त्यामुळे मागच्या पडवीत त्या गॅसच्या शेगडीवर आंघोळीचं पाणी तापायचं, म्हशींचं आंबोण शिजायचं, आणि सासऱ्यांचा चहा सासरे स्वतः करून प्यायचे. सासूबाई पावसाळ्यात ओली लाकडं फुंकत, खोकत, डोळे पुसत चुलीशीच. ते बघितलं की त्या दिवशी सासऱ्यांची टाकी ढवळायची काठी जरा जोरात फिरायची.

गेल्या भाद्रपदात सासऱ्यांना ताप आला. कर्जतच्या दवाखान्यात पाच दिवस काढून घरी आणलं तेव्हा ते चादरीएवढेच उरले होते. आम्ही दोघं सोबत होतो. बाहेर धो धो पाऊस, चूल पेटता पेटत नव्हती. आत धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सासूबाई थोडा वेळ चुलीपुढे बसल्या, मग उठून मागच्या पडवीत गेल्या. जरा वेळानं शेगडीचा सूं सूं आवाज यायला लागला. सासऱ्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मी काहीतरी बोलेन या भीतीनं ओठांवर बोट ठेवलं.

सासूबाई पेजेची वाटी घेऊन आल्या. सासरे हळूहळू पेज प्यायले, पण चार घोट राहिलेच. त्यांच्या वाटीत मी आयुष्यात पहिल्यांदाच अन्न उरलेलं पाहिलं. ते लाजल्यासारखे भिंतीकडे वळले.

सासूबाईंनी वाटी घेतली. डोक्यावर इरलं घालून त्या पावसात अंगणात गेल्या, उरलेली पेज टाकीच्या तोंडात ओतली, वाटी विसळून तेही पाणी ओतलं, आणि काठी घेऊन कितीतरी वेळ सावकाश ढवळत राहिल्या.