मेश्रामदादा आणि माझी हलणारी मान

मेश्रामदादा काल सकाळी गेले. मला 'चालेल' म्हणू न देणारा जगातला एकुलता एक माणूस गेला.

आईला, सासूबाईंना, नवऱ्याला, बॉसला, सगळ्यांना मी जन्मभर 'चालेल' म्हणत आले. ट्रेनिंगच तसं आहे आमचं.

बर्मिंगहॅममधल्या एका इन्शुरन्स कंपनीत मी सॉफ्टवेअरला होते. दादा माझ्यापासून दोन डेस्क सोडून. नागपूरचे, एकटे राहणारे, आणि जेवताना स्टाफ हँडबुक वाचणारे. हो, जेवताना.

साल २००३. आमची सानिका नुकतीच शाळेत जायला लागलेली. शाळा सुटायची सव्वातीनला, माझं ऑफिस साडेपाचला. मधल्या वेळात तिला सांभाळणारी चाइल्डमाइंडर एक दिवस गोड हसून म्हणाली, महिनाअखेर मी कायमची डेव्हनला चाललेय.

दुसरी कुणी मिळेना. नवरा सकाळी शाळेत सोडायचा, पण त्याची शिफ्ट संपायची रात्री आठला. मी नोकरी सोडावी, तर अख्ख्या घराचा व्हिसा माझ्या वर्क परमिटवर.

म्हणजे बॅगा भरायच्या आणि परत पुणे. मी मनातल्या मनात भांडी कुणाला द्यायची तेही ठरवून टाकलं होतं.

दादा म्हणाले, "नवीन कायदा आला ना. सहा वर्षांखालचं लेकरू असलं की कामाची वेळ बदलून मागता येते."

"देतात?"

"मागता येते म्हटलं मी. ऐकून घ्यावंच लागते त्यांना. अन् नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यावं लागते."

मी रात्रभर बसून अर्ज लिहिला. सकाळी सात ते दुपारी अडीच अशी वेळ मागितली. सुरुवात होती, 'तुम्हाला त्रास देतेय त्याबद्दल अत्यंत सॉरी.'

दादांनी चष्मा वर केला. "कायचं सॉरी? पोरगी झाली म्हणून?"

शेवटी मी लिहिलं होतं, 'जमणार नसेल तरी काहीच प्रॉब्लेम नाही.'

"वर्षा, हे त्यांनी लिहायचं पत्र आहे. तू काहून लिहून देऊन राहिली?"

दोन्ही वाक्यं गेली. अर्ज एकदम उद्धट वाटायला लागला. तरी तसाच दिला.

मग मीटिंग. सोबत ऑफिसमधल्या एकाला नेता येतं. तो बोलू शकतो, पण आपल्या वतीने उत्तर देऊ शकत नाही. दादा लग्नाला घालतात तसा ब्लेझर घालून आले.

समोर आमचा मॅनेजर कीथ आणि एचआरची बाई. कीथ तसा भला माणूस. म्हणाला, "साडेपाचऐवजी साडेचारला गेलीस तर?"

शाळा सव्वातीनला सुटते. हे मला माहीत आहे. माझी मुलगी आहे ती. तरीही माझी मान...

"पाच मिनिटं ब्रेक मिळेल का?" दादा उभे राहिले.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी मला घेतलं. "चालेल म्हणणार होती तू."

"दादा, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"मान हालून राहिली होती."

आत गेलो. कीथ म्हणाला, "मंगळवार आणि गुरुवार लवकर जा."

बाकीचे तीन दिवस सानिका काय फुटपाथवर बसणार? पण म्हणाला किती छान आवाजात!

"ब्रेक," दादा म्हणाले.

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. म्हटलं, दादा, मला नाही जमत, मला वाईट दिसेल असं वाटतं. दादा रागावले नाहीत. म्हणाले, "आता काही बोलू नको. 'सव्वातीन' एवढं सांग अन् चूप बस. तो बोलेपर्यंत."

मी सांगितलं. आणि शांतता.

आमच्या घरात एवढी शांतता पडली की कुणीतरी 'चहा टाकू का' म्हणतं. मी कीथला चहा विचारायच्या बेतात होते. टेबलाखाली नखं तळहातात रुतवून बसले.

कीथने घड्याळ पाहिलं. एचआरच्या बाईने कीथला पाहिलं. त्यांची लंचची वेळ टळत चालली होती.

"बरं," कीथ म्हणाला. "सात ते अडीच. तीन महिने ट्रायल."

माझी मान जोरात हलली. या वेळी दादा बसूनच राहिले.

चाइल्डमाइंडर जायला अजून आठवडा होता, तरी पहिल्या दिवशी मी शाळेच्या गेटवर तीनलाच हजर. ऊर भरून आलेला. सानिका बाहेर आली, मला बघून म्हणाली, "मम्मी, तू का आला? आज तिकडे फिश फिंगर्स होती."

ट्रायल कधी संपलं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. सानिका अकरा वर्षांची होईपर्यंत मी रोज त्या गेटवर होते.

नंतर एकदा मी दादांना विचारलं होतं, तुम्हाला मूलबाळ नाही, मग हा कायदा इतका पाठ कसा?

त्यांची आई नागपुरात अंथरुणाला खिळली होती. वर्षातले तीन महिने तिच्याजवळ राहता येईल का, म्हणून त्यांनी तो सगळा वाचून काढला होता.

"सहा वर्षांखालचं पाहिजे म्हणतात. माझी माय एक्याऐंशीची." आणि हसले.

काही वर्षांनी कायदा बदलला. मोठ्या माणसांची काळजी घेणाऱ्यांनाही मागता यायला लागलं. दादांचा उत्साहाने रात्री घरी फोन आला. ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या पॉलीनच्या नवऱ्याला स्ट्रोक आलाय, तिचा अर्ज लिहायला घेतलाय म्हणाले. "हीपण सॉरीनेच सुरू करून राहिली."

त्यांची माय आदल्याच वर्षी गेली होती.

दादा, शुक्रवारी अकराला तुम्हाला निरोप द्यायला येतेय. रजा मागितली तर ऑफिसने विचारलं, नात्यातले होते का?

मी हो म्हणून सांगितलं.