वाफेतली कॉफी

ती केस आठवली की आजही माझे कान गरम होतात. मी सातवी नापास. शिपाई म्हणून लागलो, एएसआय होऊन घरी बसलो. मधल्या काळात डोकं वापरायची वेळ दोन-तीनदाच आली, त्यातली ही एक.

दवाखान्यातून फोन आला. सातपूरच्या एका कंपनीतला ऑपरेटर मशीनवरच कोसळला होता. उलट्या, छातीत धडधड, आणि खिशात एक विचित्र पेन. मी गेलो, पंचनामा लिहिला आणि सहीला नेमकं तेच पेन उचललं. उठेना. झटकलं, तरी उठेना.

डॉक्टर म्हणाले, "काका, ते ओढायचं असतं."

ऑपरेटरची बायको रडत होती. "सुपारीचं खांड तोंडात घालत नाय हो हा माणूस. ओव्हरटाइमला झोप येते म्हणून गेटवरच्या टपरीवरून आणलं."

टपरीवाल्याला उचलला.

"काय विकतो रे?"

"कॉफी हाय साहेब, वाफेची. पाकिटावर कप काढलाय बघा. तुमच्या ठाण्यातल्या चहापेक्षा बरी."

"यावर बंदी आहे."

"ती ई-सिगारेटवर. ही कॉफी."

बंदी असल्या वाफेच्या सगळ्याच पेनांवर होती. गुन्हा नोंदवला, माल सील करून प्रयोगशाळेत पाठवला. पण सील करायच्या आधी मी शहाण्यानं चार झुरके मारले. वास कॉफीचा, त्रास काही नाही. झालं, माझा तपास संपला! ऑपरेटरच्या बायकोला सांगितलं, "ताई, घाबरू नका. मी स्वतः ओढून बघितली. कॉफीच आहे. त्यांना पोटभर जेवू घालून कामाला पाठवा."

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. वाचून डोक्यात काही शिरेना, म्हणून प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन लावला.

"काका, मशीननं झुरके ओढून वाफ गोळा केली, मग वाफेतलं कॅफिन मोजलं. नावापुरतं आहे, घोटभर चहाइतकंही नाही. निकोटीन मात्र भरपूर. पाकिटावर त्याचा उल्लेखच नाही."

"पण मॅडम, मी ओढली की! मला काहीच झालं नाही."

"तुम्ही तंबाखू खाता?"

मी तेव्हा तळहातावर तीच मळत होतो.

"मग तुम्हाला काय होणार, काका?"

हातातली तंबाखू तशीच सांडली. बाइक काढली आणि ऑपरेटरच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळी परत दवाखान्यात नेलं त्यांना."

त्याची बायको आयसीयूच्या बाहेर उभी होती. मला बघून रडलीसुद्धा नाही.

"साहेब, घरात अजून दोन पेनं होती. मी फेकून देणार होते. तुम्ही म्हणालात कॉफीच हाय, म्हणून डब्याच्या पिशवीत मीच ठेवत गेले."

मी तिथंच बाकावर बसलो.

तिचा जबाब मीच घेतला. ते वाक्य वगळता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण जसंच्या तसं उतरवलं. माझं अक्षर आधीच किडामुंगीचं, त्या दिवशी मलाच वाचवेना. नवरा वाचला तिचा. पण त्यानंतर माझ्या जिभेच्या भरवशावर मी कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

कोर्टात टपरीवाल्याच्या वकिलानं तो जबाब मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "पोलीस म्हणाले कॉफीच आहे. कोण हे पोलीस?"

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभाच होतो. म्हणालो, "मीच, साहेब."