रुपया पडला, रक्कम वाढली

नरहरीभाऊ डोंगरवार जन्मभर स्टील प्लांटात पॅनेलपुढे बसले. मीटरचा काटा हिरव्या पट्टीत असला की लॉगबुकात सही ठोकायची आणि चहा मागवायचा. भाऊ रिटायर झाले, सवय काही रिटायर झाली नाही.

पोरगा कमलेश दुबईला. जाताना त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, आपलं तिकडचं खातंही जोडून दिलं. पगार-खर्च दिरहममध्ये आपसूक उतरत आणि त्या दिवशीचा भाव लागून खाली रुपयांत बेरीज येई. भाऊ बघत ती फक्त बेरीज. सेक्टरातलं प्लांटचं क्वार्टर आज ना उद्या सोडायचं होतं, कुरुद गावी घर बांधायचं होतं, ते याच पैशातून.

दिवाळीपासून आकडा चढतच होता. रुपया घसरल्याची बातमी लागली की लोक कपाळाला हात लावत, आणि आमचे भाऊ गालात हसत. त्यांच्या बायकोच्या, कौशल्याबाईंच्या, घशाखाली मात्र घास उतरेना.

"अहो, पोराचा आवाज बारीक झाला. व्हिडिओ कावून लावत नाई तो?"

"तुले कायची काळजी? पैसा वाढून राहिला न त्याचा!"

"पैसा वाढून राहिला, अन् पोरगं वाळून राहिलं असन त?"

एकदाचं हिचं तोंड बंद करू म्हणून भाऊंनी अख्खं खातं उघडलं. शेवटचा पगार दसऱ्याचा. त्यापुढे कोरं. दिरहम जिथल्या तिथे होते. रुपया पडत होता, म्हणून नुसत्या भावानं बेरीज फुगत होती. म्हणजे पोराची नोकरी केव्हाच गेली, आणि हा शहाणा बाप इकडे खुशीत!

कौशल्याबाईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पगार नाई आला, समजलं. पण काढला बी नाई न एक पैसा. मंग हा खाऊन काय राहिला?"

भाऊंनी फोन लावला. कमलेशनं तो बऱ्याच वेळानं उचलला.

"मस्त आहो बाबा. ड्यूटीवर आहो. टेन्शन नको घेऊ, घराच्या पैशाले हात नाई लावला मी."

"आग लागो त्या घराले," भाऊंचा आवाज फाटला. "आज काय जेवला, ते सांग मले."

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत राहिलं.